बायबलचा अभ्यास करायचाय? आधी इतिहासात बीए कर

प्रश्न : मी यंदा बारावी कला शाखेतून ७४ टक्क्यांनी पास झाले. आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मी संडे स्कूलमध्ये लहान वर्गाला शिकवते. बायबल, चर्चचा इतिहास, ख्रिस्ती विचार हे सगळं मला नीट, अभ्यास म्हणून शिकायचंय. पाळक व्हायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, ते म्हणतात बीए-बीएड कर. पाळकसाहेब म्हणतात थेट सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जा. ओळखीच्या एकांनी ऑनलाइन बायबल कॉलेजचा फॉर्म आणून दिलाय. वर्षभरात घरबसल्या बीटीएच (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) मिळते म्हणतात, पैसे पंधरा दिवसांत भरायचेत. दहावीला मला संयुक्त संस्कृत होतं, बाकी इंग्रजी बेताचं. मुलींना हे शिकून पुढे काही असतं का? – आर., सोलापूर

उत्तर : आर., तो फॉर्म आधी कपाटात ठेव आणि पैसे भरू नकोस. आपल्या देशात ‘पदवी’ कोण देऊ शकतं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातल्या कलम २२ मध्ये ठरलेलं आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. वर्षभरात घरबसल्या मिळणारी बीटीएच यात कुठेच बसत नाही. असे फॉर्म छापणारे बहुधा परदेशातल्या कुठल्या तरी ‘विद्यापीठा’शी संलग्न असल्याचं सांगतात. त्यांना एवढंच विचार: कोणत्या कायद्याखाली पदवी देता, आणि या पदवीवर मला सोलापूर विद्यापीठात एमएला प्रवेश मिळेल असं लेखी द्याल का? उत्तरात फक्त ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे शब्द आले तर समजून घे. काही बायबल कॉलेजांना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. ती खोटी नाही, मंडळ्यांमध्ये आणि इतर सेमिनऱ्यांत चालते. पण सरकारी नोकरी, बीएड किंवा विद्यापीठातला प्रवेश यासाठी तिचा उपयोग नाही. दोन्ही प्रकारच्या मान्यता एकाच दमात सांगितल्या जातात आणि पालक फसतात ते तिथेच.

आता मूळ मुद्दा. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळे अभ्यास एकत्र झालेत. ईश्वरविज्ञान म्हणजे थिऑलॉजी ही मंडळीच्या आत राहून, मंडळीसाठी शिकवली जाते. तिथे विश्वास गृहीत धरलेला असतो आणि उपदेश करणं हाही एक विषय असतो. धर्माचा अभ्यास म्हणून ख्रिस्ती धर्म शिकायचा तर तो विद्यापीठात, इतिहास-तत्त्वज्ञानासारखा. तिथे शेजारच्या बाकावर हिंदू, मुसलमान, नास्तिक कुणीही असेल आणि उत्तरपत्रिकेत ‘प्रभूने मला दाखवलं’ लिहून गुण मिळत नाहीत. पाळक व्हायचं की नाही हे आज ठरलेलं नाही ना? मग आज असा रस्ता धर की तीन वर्षांनी दोन्हीकडे वळता येईल. बारावीनंतर थेट बीटीएच केलीस तर एक दार बंद होतं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बीए हातात असली की दोन्ही उघडी राहतात. या बाबतीत आम्ही पप्पांच्या बाजूचे आहोत, कारणं मात्र आमची वेगळी आहेत.

सोलापूरच्या महाविद्यालयांत ‘ख्रिस्ती धर्म’ असा मेजर मिळत नाही, म्हणून मेजर इतिहास घे. अनेकजण तत्त्वज्ञान सुचवतील. विषय म्हणून ते धर्माच्या जास्त जवळचं आहे हे खरं. पण बीएड करून शाळेत शिकवायचं तर पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय लागतो. इतिहास तसा आहे, तत्त्वज्ञान नाही. म्हणजे इतिहास घेतलास तर पप्पांची बीएडची वाट शाबूत राहते आणि चर्चच्या इतिहासासाठी लागणारी शिस्तही मिळते: साधन कोणतं, कोणी लिहिलं, कधी, कशासाठी. मायनर म्हणून संस्कृत मिळत असेल तर डोळे झाकून घे. संस्कृत नसेल तर इंग्रजी. ‘मराठी सोपं जाईल’ म्हणून मराठी घेऊ नकोस. तुझी अडचण इंग्रजीची आहे आणि पुढचं सगळं वाचन इंग्रजीत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची साधी पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स असे दोन पर्याय आहेत. तुला तीन पुरे.

संस्कृतचा एवढा आग्रह का? नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, कोइने म्हणजे त्या काळच्या रोजच्या वापरातल्या ग्रीकमध्ये लिहिलेला आहे, आणि ग्रीक व्याकरण संस्कृत शिकलेल्या मुलीला परकं वाटत नाही. तू ‘देव’ हा शब्द विभक्तींत चालवलायस: देवः, देवम्, देवाय, देवस्य. ग्रीकमध्ये ‘लोगॉस’ असाच चालतो: कर्त्याला लोगॉस, कर्माला लोगॉन, ‘ला’ या अर्थी लोगो, ‘चा’ या अर्थी लोगू. विभक्ती आठाऐवजी पाचच, आणि नव्या करारातल्या ग्रीकमध्ये द्विवचन नाही, म्हणजे पाठांतर कमी. नपुंसकलिंग आहे, ते मराठी माणसाला समजवावं लागत नाही. इंग्रजी माध्यमातून शिकणारे अडखळतात ते मधल्या प्रयोगावर (मिडल व्हॉइस, जिथे क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं), कारण इंग्रजीत तसं काही नाही. तू मात्र परस्मैपद-आत्मनेपद शिकलेली आहेस. यजति-यजते हा फरक कळला असेल तर ग्रीकमधलं लूएइ-लूएताइ (सोडतो, स्वतःसाठी सोडवतो) कळायला अर्धा तास लागतो. शेवटचा ‘ते’ आणि ‘ताइ’ एकमेकांचे नातेवाईक आहेत, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल. नवीन शिकावं लागेल ते उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’ सारखं. संस्कृतात ते नाही, ग्रीकमध्ये पदोपदी आहे.

अक्षरं २४ आहेत. चूक ठरलेली असते: इंग्रजी ‘व्ही’सारखं दिसणारं अक्षर ‘न’ असतं, ‘पी’सारखं दिसणारं ‘र’, आणि लहान ‘एन’सारखं दिसणारं दीर्घ ‘ए’. म्हणून पहिले पंधरा दिवस अक्षरं फक्त लिहून काढ, शब्द वाचू नकोस. मग शब्दसंग्रह. नव्या करारात ५०हून जास्त वेळा येणारे शब्द जेमतेम सव्वातीनशे आहेत, आणि एवढ्यांनीच सुमारे ८० टक्के मजकूर भरतो. रोज पाच केलेस तर दोन-अडीच महिन्यांत होतात. त्यापुढचे शब्द वाचता वाचता येतात. बीएच्या दुसऱ्या वर्षी हे सुरू कर. पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाचा वेग वाढव. रोज दहा पानं, शब्दकोश शेजारी न ठेवता, आणि प्रत्येक परिच्छेदाला समासात मराठीत एक ओळ. सेमिनरीत किंवा एमएला दिवसाला तीस-चाळीस पानं वाचायची वेळ येते आणि पहिल्या सहामाहीत मुलं मागे पडतात ती विश्वासात किंवा बुद्धीत कमी म्हणून नाही, तर इंग्रजी वाचनात दमतात म्हणून. इब्री म्हणजे हिब्रू, जुन्या कराराची भाषा, नंतर, शिक्षकाजवळच शीक. उजवीकडून डावीकडे लिहितात, २२ व्यंजनं, स्वर खाली-वर टिंबांनी दाखवलेले, दालेथ आणि रेश ही अक्षरं तर अगदी सारखी दिसतात. एकटीने धरलीस तर चुकीची सवय लागते आणि ती सुटत नाही.

(मराठी बाईला ग्रीक-इब्री कशी जमणार, असं कुणी म्हणालं तर पुणे-सोलापूर मार्गावरचं केडगाव दाखव. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघालं.)

अभ्यास म्हणून बायबल वाचणं म्हणजे काय, याची चव घ्यायची असेल तर घरीच एक प्रयोग कर. फुलस्केप कागद आडवा धर, तीन रकाने आख. येशूचं चरित्र सांगणाऱ्या तीन पुस्तकांतले उतारे घे (आकडे अध्याय आणि वचनांचे): पहिल्यात मार्क १०:४६-५२, दुसऱ्यात मत्तय २०:२९-३४, तिसऱ्यात लूक १८:३५-४३ हाताने उतरव. तिन्ही यरीहोजवळच्या आंधळ्याची गोष्ट. तिन्हीकडे सारखे शब्द असतील तिथे पिवळी पेन्सिल, दोघांतच सारखे असतील तिथे निळी, एकाकडेच असेल तिथे लाल. रंगवता रंगवता दिसेल की मार्क आणि मत्तयात ही मंडळी यरीहोतून बाहेर पडताहेत, तर लूकमध्ये यरीहोजवळ येताहेत. मार्कात एकच आंधळा आहे आणि त्याचं नाव आहे, बार्तीमय, लूकमध्ये एक, पण बिननावाचा, मत्तयात दोन. अंगावरचं वस्त्र टाकून उठणारा फक्त मार्कात. डोळ्यांना स्पर्श फक्त मत्तयात, आणि ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं’ हे वाक्य मात्र मत्तयात नाही. शेवटी सगळे लोक देवाची स्तुती करतात ते फक्त लूककडे.

आता एक पान लिही: हे फरक का असावेत? कोणी कोणाचं वाचून लिहिलं असेल? लूकला शेवटी स्तुती का हवी? लिहिताना ‘यातून आपण शिकतो की’ हे शब्द आले की थांब, कारण तिथून संदेश म्हणजे उपदेश सुरू होतो. संडे स्कूलमध्ये चांगलं शिकवणाऱ्या मुलांना नेमकं हेच जड जातं: प्रश्न असतो मजकुराचा, आणि उत्तरात दोन पानं बोधपर भाषण. परीक्षक ते वाचतात, पण गुण देत नाहीत.

हे करताना अस्वस्थ वाटलं तर ते अपेक्षित आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी निर्माण होतो आणि दुसऱ्यात झाडांच्या आणि प्राण्यांच्या आधी. पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, एकाच हाताने लिहिले नसावेत, हे बहुतेक सेमिनऱ्यांत पहिल्याच वर्षी समोर येतं. काहीजण घाबरून सगळं नाकारतात, काही दुसऱ्या टोकाला जाऊन मंडळी सोडतात. दोन्ही घाई आहे. त्या वर्षी एक वही प्रश्नांची ठेवावी आणि प्राध्यापकांना एकेक विचारावा. घरी फोनवर पप्पांना पंचग्रंथाचे लेखक सांगत बसू नये.

बीएनंतर काय? पाळकीय वाट धरलीस तर सेरामपूर सिनेटची, म्हणजे सेरामपूर कॉलेजच्या पदव्या देणाऱ्या मंडळाची, बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी). हे सेरामपूर बंगालमधलं हुगळीकाठचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. टपाल चुकीच्या गावी जाण्याइतकी ही गल्लत होते. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली ते कॉलेज काढलं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९१८च्या बंगालच्या कायद्याने सिनेट आलं. देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या त्याला संलग्न आहेत. तुला जवळची म्हणजे पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी आधी यवतमाळला होती आणि १९८३ साली पुण्याला आली. त्याखेरीज बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, १९१० सालचं. पदवीधरांना बीडी साधारण चार वर्षांची. प्रवेशाला पाळकांची किंवा बिशपांची शिफारस, बाप्तिस्म्याचा दाखला, वैद्यकीय दाखला, बायबलज्ञान आणि इंग्रजीची परीक्षा आणि मुलाखत असं सगळं लागतं. वसतिगृहात राहायचं, रोजची उपासना, रविवारी नेमून दिलेल्या मंडळीत काम. आणि हो, तुला उभं राहून उपदेश करावा लागेल आणि त्याला गुण असतील.

या बीडीला एमए-पीएचडीच्या प्रवेशासाठी कुठलं विद्यापीठ काय मानतं, हे विद्यापीठागणिक बदलतं. म्हणूनच आधी बीए.

अभ्यासाची वाट धरलीस तर विद्यापीठातली एमए. मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माचं अध्यासन आहे. म्हैसूर ऐकायला लांब वाटतं, पण गोलगुंबज एक्सप्रेस सोलापूरवरून थेट जाते. सगळ्याच धर्मांचा तौलनिक अभ्यास हवा असेल तर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अभ्यासाचा जुना विभाग आहे. या विषयातली नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही असते, ‘कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स’ या नावाने. खुल्या प्रवर्गाला एमएला ५५ टक्के लागतात. मात्र महाराष्ट्रात या विषयाच्या प्राध्यापकाच्या जागा जवळपास नाहीत, कारण विभागच नाहीत. ते आधीच ठाऊक असू दे.

कॅथलिक मैत्रिणी पुण्याच्या नगर रोडवरच्या ज्ञानदीप विद्यापीठाबद्दल सांगतील. संस्था उत्तम आहे, ग्रंथालय तर फारच. पण तिथली बीटीएच ही तत्त्वज्ञान पूर्ण केल्यावरची पायरी असते. पाळकसाहेब सुचवतात त्या सेमिनऱ्यांतली बीटीएच आणि ही बीटीएच, नाव सारखं असलं तरी एकाच जागी बसत नाहीत.

मुलींबद्दल विचारलंयस. सेमिनऱ्या मुलींना घेतात, आणि सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, त्या पाळक होतात. कॅथलिक मंडळीत दीक्षा नाही, पण शिकता आणि शिकवता येतं. प्रत्यक्षात मंडळीत नेमणूक देताना ‘बाई आहे, लांब कशी पाठवू’ असं होतं. म्हणून पुरस्कृत विद्यार्थिनी म्हणून जायचं ठरलं तर धर्मप्रांताकडून लेखी घे: खर्चातला कोणता भाग ते देणार, शिक्षण संपल्यावर किती वर्षं सेवा करायची, ती कुठे, मानधन किती, आणि मध्येच सोडलं तर काय परत करायचं. तोंडी ‘बघू आपण’ हे उत्तर नाही. स्वतःच्या खर्चाने जायचं तर फीपत्रक मागवताना शिक्षणशुल्क, वसतिगृह, मेस, ग्रंथालयाची अनामत, सिनेटची नोंदणी आणि परीक्षाशुल्क, आणि सुट्टीतला प्रवास हे सगळं वेगवेगळं विचार. फक्त शिक्षणशुल्क सांगितलं जातं आणि मेसच त्याहून जास्त निघते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर तो अभ्यासक्रम यादीत दिसतो का ते अर्ज करण्याआधीच पाहा. तुझ्या बीएचा सोलापुरात दिसेल, सेमिनरीचा गृहीत धरू नकोस.

नोकऱ्या? इस्पितळातले चॅप्लन (रुग्णांना धार्मिक आधार देणारे), बायबल भाषांतर, प्रकाशन, अभिलेखागार, सामाजिक संस्था, शाळा. पगार बहुतेक ठिकाणी बेताचे असतात आणि इंग्रजी-मराठी दोन्ही लिहिता येणारी माणसं कमी, त्यामुळे तुझं भांडवल तेच. बीएड झालेली असली की यातलं काहीच न जमल्यास शाळा आहे.

मोठ्या शहरातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट मात्र तुझ्याकडे आहे, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईला सुरू झालं, १८३१ साली नगरला गेलं आणि १८६०च्या दशकात सोलापुरात आलं. त्या मंडळ्या पुढे १९७० साली सीएनआयमध्ये विलीन झाल्या. म्हणजे तुझ्याच मंडळीच्या कपाटात बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्या असण्याची शक्यता मोठी आहे. बीएच्या प्रकल्पासाठी त्यातली एक दहा वर्षं घे. नाव, वय, बापाचा धंदा, मूळ गाव, दाखल्यावर सही कोणाची, एवढे पाच रकाने भर. कोणत्या गावांतून लोक येत होते, गिरण्या सुरू झाल्यावर धंदे कसे बदलले, दुष्काळाच्या वर्षी काय झालं, हे त्यातून निघतं. जोडीला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर खंड, १८८४चा, आणि १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक. मिशनच्या अमेरिकेतल्या पालक संस्थेचे कागद हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयात आहेत, पण बीएला तिथपर्यंत जायची गरज नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या (इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं तो कायदा) वसाहतीचा विषयही सोलापूरचाच, सेटलमेंटचं नाव अजून शहरात आहे. तो मात्र एमएसाठी ठेव, कारण त्यात माणसं अजून हयात आहेत आणि मुलाखत घ्यायला अनुभव लागतो.

नोंदवही घ्यायला जाताना महाविद्यालयाचं पत्र ने, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची लेखी परवानगी घे, वही चर्चमध्येच बसून वाच. पानांचा फोटो फ्लॅश बंद ठेवून काढ. लोकांची नावं प्रकल्पात छापू नकोस. धर्म आणि जात हे दोन्ही विषय अजून लोकांच्या दाखल्यांशी जोडलेले आहेत.

दाखल्यांवरून आठवलं. आताच कर असं एकच काम आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून बघ. ख्रिस्ती घरांत एक नाव मंडळीत आणि दुसरं शाळेत असं सर्रास असतं, आणि सेमिनरीच्या किंवा परराज्यातल्या विद्यापीठाच्या कचेरीत नेमकं तिथेच अडतं. नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर बहुधा भागतं. नावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. मग गुणपत्रिकेवरचं नाव पाया धर, कारण पुढची प्रत्येक पदवी त्याच नावाने निघेल, आणि बीएच्या प्रवेश अर्जात तेच जसंच्या तसं लिही.